बिनतारी कळफलक : निवडीमागचे विज्ञान

पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारपेठेतील संगणकाच्या दुकानात जाऊन 'बिनतारी कळफलक आणि माऊस दाखवा' असे सांगितले, की दुकानदार चार-पाच खोकी समोर मांडतो. किमती निरनिराळ्या, रंग निरनिराळे. पण बहुतेक खोक्यांवर एक मजकूर सारखाच असतो : 'विंडोज संगणकासाठी'. आपल्या शाळेतील संगणक मात्र लिनक्सवर चालणारा असला तर ? यांपैकी एकही संच आपल्या कामाचा नाही, असे समजायचे काय ? की सगळेच चालतील ? 'लावून बघा, चालला तर चालला' हे उत्तर एका संचाच्या बाबतीत खपून जाईल. शाळेच्या तुटपुंज्या निधीतून दहा संच घ्यायचे असतील, तर मात्र खरेदीपूर्वीच उत्तर माहीत असायला हवे. आणि ते माहीत करून घेणे अवघड नाही. कळ दाबल्यापासून पडद्यावर अक्षर उमटेपर्यंत काय काय घडते, एवढे समजले की निवड आपोआप सोपी होते.

लिनक्स म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारी प्रणाली. तिचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. ती विनामूल्य मिळते व जुन्या संगणकावरही चालू शकते. म्हणून शाळांना ती सोयीची पडते. रायगड जिल्ह्याला तर ती नवीन नाही. २००७ साली कर्जत तालुक्यातील एका लहानशा वाडीच्या शाळेत 'एका मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेतील छोटे हिरवे-पांढरे संगणक मुलांच्या हाती आले होते. तेही लिनक्सवरच चालत.

'रोहा' म्हणजे १३, ४, २४, ८

पहिली गोष्ट अशी, की कळफलकाला अक्षरे कळत नाहीत. त्याला कळते ती फक्त कळीची जागा. कळांच्या खाली आडव्या-उभ्या वाहक पट्ट्यांची जाळी असते. कळ दाबली की एक आडवी व एक उभी पट्टी जोडली जाते. आत बसवलेली लहानशी चकती ही जाळी सेकंदाला शेकडो वेळा तपासते आणि कोणत्या छेदबिंदूवर जोडणी झाली हे ओळखून त्या जागेचा क्रमांक संगणकाकडे पाठवते.

हे क्रमांक ठरलेले आहेत. इंग्रजी 'ए'च्या कळीचा क्रमांक ४, 'बी'चा ५, 'सी'चा ६ असे करीत 'झेड'चा क्रमांक २९ येतो. आता संगणकात मराठीची इनस्क्रिप्ट ही मांडणी निवडलेली आहे असे समजा. या मांडणीत 'र' हे अक्षर 'जे'च्या कळीवर आहे, ओकार 'ए'च्या, 'ह' 'यू'च्या आणि काना 'ई'च्या कळीवर. म्हणजे 'रोहा' लिहिण्यासाठी आपण जे, ए, यू, ई या कळा दाबतो आणि कळफलकातून १३, ४, २४, ८ हे चार आकडे निघतात. संगणकातील मांडणी इंग्रजी असती, तर याच चार आकड्यांपासून 'जे-ए-यू-ई' हा निरर्थक शब्द उमटला असता. कळफलकाला या फरकाचा पत्ताही नसतो.

'पेण' लिहिताना काय होते तेही पाहू. 'प' एचच्या कळीवर, मात्रा एसच्या कळीवर आणि 'ण' शिफ्टसह सीच्या कळीवर. म्हणून आकडे ११, २२ आणि शेवटी ६; पण या शेवटच्या आकड्याबरोबर 'शिफ्ट दाबलेली आहे' ही खूणही जायला हवी. त्यासाठी कळफलक दर वेळी एकच आकडा न पाठवता आठ घरांची एक लहानशी चिठ्ठी पाठवतो. पहिल्या घरात शिफ्ट, कंट्रोल यांसारख्या कळांची खूण (डाव्या शिफ्टसाठी २), दुसरे घर रिकामे आणि उरलेल्या सहा घरांत दाबलेल्या कळांचे क्रमांक. 'ण'ची चिठ्ठी म्हणून अशी होते : २, ०, ६, ०, ०, ०, ०, ०. कळांसाठी घरे सहाच असल्यामुळे या साध्या पद्धतीत एका वेळी फार तर सहा कळांची नोंद होते.

यावरून खरेदीचा पहिला धडा मिळतो. मराठी लिहिण्यासाठी 'मराठी कळफलक' शोधत हिंडण्याची गरज नाही. अक्षर कोणते उमटावे हे कळफलक ठरवत नाही, संगणकातील मांडणी ठरवते. आणि लिनक्समध्ये मराठीची इनस्क्रिप्ट मांडणी असते, ती फक्त निवडावी लागते. कळांवर देवनागरी अक्षरे छापलेली असली तर शिकणाऱ्याला मदत होते एवढेच. ते काम चिकटपट्ट्याही करतात. इनस्क्रिप्टला १९९१ साली भारतीय मानकात स्थान मिळाले. तिच्यात स्वर आणि मात्रा मुख्यतः डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला आहेत. त्यामुळे ती लक्षात ठेवणे फारसे जड जात नाही.

गेज एक असेल तर गाडी बदलावी लागत नाही

दुसरा प्रश्न : ही चिठ्ठी लिनक्सला वाचता येते काय ? येथे आपल्या जिल्ह्यातील रेल्वेचे उदाहरण उपयोगी पडेल. पनवेलहून पेणमार्गे रोह्यापर्यंतचा लोहमार्ग मध्य रेल्वेचा आहे. १९९८ साली पूर्ण झालेला कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून पुढे सुरू होतो. दोन्ही मार्ग बांधणाऱ्या संस्था वेगळ्या. पण दोन रुळांमधील अंतर दोन्हीकडे १,६७६ मिलिमीटर. म्हणून गोव्याची गाडी रोह्याहून विनासायास पुढे जाते, प्रवाशांना उतरावे लागत नाही. याच जिल्ह्यात नेरळ-माथेरानची छोटी गाडी मात्र ६१० मिलिमीटर गेजवर धावते. ती नेरळहून मुंबईच्या रुळांवर जाऊ शकत नाही. प्रवाशांना नेरळला गाडी बदलावीच लागते.

संगणकाच्या जगात असे 'गेज' म्हणजे मानक. यूएसबी ही जोडणीची पद्धत १९९६ साली आली. तिच्याबरोबर कळफलक, माऊस यांसारख्या साधनांनी संगणकाशी कसे बोलावे याचे मानकही तयार झाले. त्याला 'ह्यूमन इंटरफेस डिव्हाइस', थोडक्यात एचआयडी म्हणतात. वर पाहिलेली आठ घरांची चिठ्ठी ही याच मानकातील. ते खुले असल्यामुळे लिनक्सच्या गाभ्यातच ते वाचण्याची सोय केलेली आहे. विंडोज असो की लिनक्स, रुळांतील अंतर एकच.

मग बिनतारी संचाचे काय ? या संचाबरोबर नखाएवढा एक रिसीव्हर मिळतो. तो संगणकाच्या यूएसबी खाचेत बसवायचा. कळफलकापासून रिसीव्हरपर्यंतचा हवेतील प्रवास त्या त्या कंपनीच्या खाजगी भाषेत होतो. ती झाली माथेरानची छोटी गाडी. रिसीव्हर म्हणजे नेरळचे स्थानक. तेथे चिठ्ठी खाजगी भाषेतून एचआयडीत येते आणि मोठ्या गाडीत बसून संगणकात जाते. संगणकाच्या दृष्टीने खाचेत बसलेला रिसीव्हर म्हणजे तार असलेला साधा कळफलकच. खोक्यावर 'विंडोज' लिहिलेले असूनही असा संच लिनक्सवर चालतो, याचे कारण हे आहे.

पण याच उपमेतून दोन मर्यादाही स्पष्ट होतात. एक, रिसीव्हर हरवला तर दुसऱ्या कंपनीचा रिसीव्हर चालणार नाही. छोट्या गाडीचे रूळ प्रत्येकाचे वेगळे. दोन, कळांखालचे रंगीत दिवे, माऊसच्या जादा बटणांना नवी कामे नेमून देणे अशा काही सोयींसाठी कंपनी स्वतःचा वेगळा प्रोग्राम देते, आणि तो पुष्कळदा फक्त विंडोजसाठी असतो. टंकलेखन होईल, या जादा सोयी मिळतीलच असे नाही. ज्या सोयी लिनक्सवर वापरता येणार नाहीत, त्यांचे पैसे का मोजावे ? काही ठिकाणी लिनक्सच्या कार्यकर्त्यांनीच मार्ग काढला आहे. लॉजिटेक कंपनीच्या 'युनिफाइंग' प्रकारातील एका रिसीव्हरला सहा साधने जोडता येतात, आणि ती जोडणी लिनक्सवर करण्यासाठी 'सोलार' नावाचा विनामूल्य प्रोग्राम उपलब्ध आहे.

रिसीव्हर की ब्लूटूथ ?

बाजारात दुसरा प्रकार मिळतो तो ब्लूटूथचा. यात वेगळा रिसीव्हर नसतो. संगणकातच ब्लूटूथची सोय असावी लागते. हवेतील प्रवासही खुल्या मानकाप्रमाणेच होतो, म्हणून लिनक्सला तो समजतो. यूएसबीची एक खाच मोकळी राहते आणि हरवण्यासारखी वस्तू नसते. लॅपटॉपसाठी हा प्रकार सोयीचा आहे.

मात्र एक अडचण ध्यानात ठेवावी. ब्लूटूथची जुळणी लिनक्स सुरू झाल्यानंतर होते. संगणक चालू करताच सुरुवातीला जी यादी दिसते, म्हणजे कोणती प्रणाली किंवा लिनक्सची कोणती आवृत्ती सुरू करायची ते विचारणारी, तेथे ब्लूटूथचा कळफलक बहुधा मुका असतो. संगणकाच्या साठ्याला सुरुवातीलाच परवलीचा शब्द लावलेला असेल तर तोही टाइप करता येत नाही. रिसीव्हरचा कळफलक येथे सामान्यतः चालतो, कारण संगणकाच्या लेखी तो तारेचाच आहे. शिवाय जुन्या डेस्कटॉप संगणकांत ब्लूटूथ नसतेच. म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेसाठी रिसीव्हरचा प्रकार बरा. आणि दोन्हींपैकी काहीही घेतले तरी तारेचा एक जुना कळफलक कपाटात जपून ठेवावा.

हवेतील गर्दी

रिसीव्हरचे बहुतेक संच आणि ब्लूटूथ हे दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरी वापरतात. २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय वापरू दिलेला आहे. या लहरींची तरंगलांबी किती ? प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. त्याला वारंवारतेने, म्हणजे २४० कोटीने भागले की ०.१२५ मीटर, अर्थात १२.५ सेंटिमीटर मिळतात. अँटेना सामान्यतः तरंगलांबीच्या चौथ्या भागाएवढी, म्हणजे तीन सेंटिमीटरच्या आसपास पुरते. म्हणूनच ती वळवून नखाएवढ्या रिसीव्हरमध्ये बसवता येते.

पण या पट्ट्यात वायफायही बोलते. वायफायची एक वाहिनी सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा अडवते. उरलेल्या जागेत दहा कळफलक, दहा माऊस आणि शेजारचे मोबाइल. यावर उपाय म्हणून ब्लूटूथ सतत वाहिनी बदलत राहते. त्याच्या मूळ पद्धतीत ७९ वाहिन्यांमध्ये सेकंदाला १,६०० उड्या मारल्या जातात. रिसीव्हरचे चांगले संचही गर्दीची वाहिनी सोडून मोकळी शोधतात.

गोंगाटाचा आणखी एक उगम संगणकाच्या पाठीशीच असतो. निळ्या रंगाच्या खाचा पुष्कळदा यूएसबी ३ च्या असतात. त्यांतील अतिजलद विद्युत्संकेतांमुळे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट निर्माण होतो, हे इंटेल कंपनीने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले आहे. अशा खाचेच्या शेजारी रिसीव्हर असला आणि त्या खाचेत पेनड्राइव्हचे काम चालू असले, की माऊसचा बाण अडखळतो. त्यात संगणकाची पोलादी पेटी आणि लोखंडी टेबल आडवे आले तर विचारूच नका. पुष्कळदा दोष माऊसला दिला जातो. खरा दोष असतो जागेचा.

गोंगाटापासून दूर जाणे हा उपाय आपल्या जिल्ह्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली अलिबागला भूचुंबकीय वेधशाळा उभारली गेली. तेथील नोंदी आजतागायत चालू आहेत. त्या गोंगाटाची जात वेगळी, उपाय तोच. आपल्याला तर मैलोगणती दूर जायचे नाही. हातभर लांबीची यूएसबी जोडतार घेऊन रिसीव्हर पेटीच्या मागून काढून टेबलावर आणला, की बहुतेक वेळा काम भागते. ही तार नवीन माऊसपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

कोणी ऐकते आहे काय ?

तारेतील चिठ्ठी तारेतच राहते. हवेतील चिठ्ठी मात्र सर्व दिशांना जाते, आणि योग्य साधन जवळ असणारा कोणीही ती टिपू शकतो. म्हणून चांगला कळफलक आकडे जसेच्या तसे न पाठवता ते कूटबद्ध करून पाठवतो. १३, ४, २४, ८ यांऐवजी हवेत जाते ती वरवर अर्थहीन आकड्यांची मालिका. ती उलगडण्याची किल्ली फक्त त्याच्या जोडीच्या रिसीव्हरपाशी असते.

सर्वच कंपन्या ही काळजी घेत होत्या असे नाही. २०१६ साली अमेरिकेतील बॅस्टिल या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले, की काही स्वस्त बिनतारी कळफलक कूटबद्धीकरण न करताच आकडे पाठवतात आणि ते कित्येक मीटर अंतरावरून वाचता येतात. त्याच वर्षी त्यांनी असेही दाखवले, की काही नामवंत कंपन्यांचे रिसीव्हर माऊसच्या नावाने आलेल्या खोट्या कळाही खऱ्या मानून स्वीकारतात. २०२३ साली ब्लूटूथच्या जुळणीतही असा एक दोष उघड झाला. लिनक्समध्ये त्यावर दुरुस्ती करण्यात आली. प्रणाली वेळच्या वेळी अद्ययावत का करावी, याचे हे चांगले उदाहरण आहे.

घाबरून जाण्याचे कारण नाही. पण कोणता संगणक कशासाठी, याचा विचार करावा. मुलांच्या सरावाच्या संगणकावर साधा संच चालेल. ज्या संगणकावर गुणपत्रके भरली जातात, बँकेचे व्यवहार होतात, परवलीचे शब्द टाइप होतात, तेथे तारेचा कळफलक ठेवावा किंवा '१२८ बिट एईएस' कूटबद्धीकरणाचा स्पष्ट उल्लेख असलेला संच घ्यावा. माऊस बिनतारी ठेवायचा झाला तर तोही विश्वासू आणि दुरुस्त्या पुरवणाऱ्या कंपनीचा असावा.

सेलचा हिशेब

बिनतारी साधनाला सेल लागतो. समजा, सेलची क्षमता २,००० मिलिअँपिअर-तास आहे आणि साधन सरासरी ०.५ मिलिअँपिअर प्रवाह घेते. २,००० भागिले ०.५ म्हणजे ४,००० तास. रोज ८ तास वापरले तर ५०० दिवस. प्रवाह ४ मिलिअँपिअर असेल तर मात्र ५०० तास, म्हणजे जेमतेम दोन महिने. शाळेत दहा संच असले तर हा फरक वर्षाच्या खर्चात चांगलाच जाणवतो.

कळफलकाचा सेल माऊसपेक्षा जास्त टिकतो, ते का ? कळफलक कळ दाबेपर्यंत झोपलेला असतो. माऊसच्या पोटात मात्र एक दिवा आणि एक चिमुकला कॅमेरा असतो. माऊस हलत असताना हा कॅमेरा खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक छायाचित्रे घेतो आणि लागोपाठच्या दोन चित्रांतील फरकावरून किती सरकलो ते ठरवतो. म्हणूनच स्वच्छ काचेवर किंवा फार गुळगुळीत पृष्ठभागावर साधा माऊस गोंधळतो. त्याला पाहण्यासारखे काही सापडत नाही. त्याच्या भिंगावर धूळ बसली तरी हेच होते. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यात हिशेबासाठी संगणक ठेवला असेल, तर माती व रंगाच्या धुळीपासून माऊसचे पोट मऊ फडक्याने अधूनमधून पुसायला हवे.

कोकणच्या दमट हवेत सेलच्या पट्ट्यांवर गंज चढतो. विसरून राहिलेला सेल पाझरला तर पट्ट्या खाऊनच टाकतो. म्हणून मे महिन्याच्या सुटीत सेल काढून ठेवावेत. खाली बंद-चालूचे बटण असलेला आणि बाजारात सहज मिळणाऱ्या सेलवर चालणारा संच निवडावा. पुन्हा भारित होणारे सेल वापरायचे असतील, तर ते १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात. ते चालतील असे माहितीपत्रकात लिहिले आहे का, ते पाहावे.

दुकानात जाण्यापूर्वी

आतापर्यंतचे सारे पाच प्रश्नांत सांगता येते. एक, रिसीव्हर यूएसबीत बसवताच, कोणताही प्रोग्राम न टाकता संच चालतो काय ? चालत असेल तर तो एचआयडी मानकाचा आहे आणि लिनक्सवरही चालेल अशी भक्कम अपेक्षा ठेवता येते. दोन, संगणक सुरू होतानाच्या यादीत कळफलक लागणार आहे काय ? असल्यास रिसीव्हरचाच घ्यावा. तीन, हवेतील आकडे कूटबद्ध होतात काय ? चार, सेल कोणता व बंद-चालूचे बटण आहे काय ? पाच, किमतीतील किती भाग लिनक्सवर न चालणाऱ्या सोयींचा आहे ?

शक्य असल्यास लिनक्स असलेला लॅपटॉप बरोबर न्यावा आणि दुकानातच लावून पाहावे. दहा संच एकदम घेतले तर कळफलक, माऊस आणि रिसीव्हर या तिघांवर एकच क्रमांक चिकटवावा. एकाच नमुन्याचे रिसीव्हर दिसायला सारखे असतात. त्यांची अदलाबदल झाली की एका मुलाचे टंकलेखन दुसऱ्याच्या पडद्यावर उमटू लागते आणि तास त्या गोंधळातच संपतो.

करून पाहा

१. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये एल, एस, यू, एस, बी ही पाच छोटी इंग्रजी अक्षरे सलग लिहून एंटर दाबा. जोडलेल्या यूएसबी साधनांची यादी येईल. रिसीव्हर काढून पुन्हा तसेच करा. कोणती ओळ नाहीशी झाली ?

२. इनस्क्रिप्ट मांडणीत 'रोहा' व 'पेण' लिहा. मग मांडणी इंग्रजी करून त्याच कळा दाबा. आपल्या गावाचे नाव कोणत्या आकड्यांनी जाते, त्याचा तक्ता तयार करा.

३. रिसीव्हर पेटीच्या मागे, पुढे आणि जोडतारेच्या टोकाला असा तीन ठिकाणी ठेवा. प्रत्येक वेळी कळफलक किती मीटर अंतरापर्यंत चालतो ते मोजा. मध्ये एखादा विद्यार्थी उभा राहिल्यास अंतर कमी होते काय ? आपल्या शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि पाणी या लहरी शोषून घेते, हे ध्यानात घेऊन कारण सांगा.